समेवर खटाक

मैफलीच्या रेकॉर्डिंगची परवानगी मी रीतसर घेतली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण रविवारी बिल्ला लावलेला एक पोरगा ज्या सुरात मला "काका, ते डबडं बंद करता का?" म्हणाला, तो सूर अजून डोक्यातून जात नाही.

डबडं म्हणजे वडिलांचा कॅसेट रेकॉर्डर. चार मोठे सेल, माइक आतच, तांबडं बटण आणि प्ले एकदम दाबायचं. कोरी कॅसेट गल्लीत कुठे मिळेना, म्हणून बहिणीच्या लग्नाची घेतली. पुसली जाऊ नये म्हणून मोडलेल्या खाचेवर सेलोटेप चिकटवला. (तिला सांगू नका.)

सदाशिव पेठेतला छोटा हॉल, संध्याकाळची बैठक. यंत्र रुमालावर ठेवून मी पुढेच सतरंजीवर बसलो. शेजारी एक काका येऊन टेकले.

"चालू आहे का हो हे?"

"हो."

"म्हणजे आपण बोलतोय तेही जातंय यात?"

"जातंय ना."

"अरे वा! मग बोलायला नको."

असं म्हणून ते पुढचा पाऊण तास बोलले.

आलापी सुरू झाली. "मारवा," त्यांनी जाहीर केलं, मला नव्हे, यंत्राकडे वाकून. थोड्या वेळाने गायिकेने पंचम लावला. मारवा रागात पंचम, म्हणजे 'प', औषधालाही नसतो. काका जराही डगमगले नाहीत. "पूरिया धनाश्री! म्हटलं नव्हतं मी?" मग खडीसाखरेची प्लास्टिकची पुडी निघाली. पुडी सावकाश उघडली की आवाज होत नाही, असा यांच्या पिढीचा ठाम समज आहे. आवाज तेवढाच होतो, फक्त लांबतो.

आणि या स्वस्तातल्या यंत्रांची खोड अशी, की आवाज किती घ्यायचा हे ती आपली आपण ठरवतात. गाणं हळू झालं की यंत्र कान टवकारतं आणि हाताला लागेल तो आवाज फुगवतं. त्यामुळे सगळ्यात नाजूक षड्जाच्या जागी माझ्याकडे खडीसाखर आहे, दाढेखाली फुटण्यासकट.

1902 साली गायिका गौहर जान कलकत्त्यात ग्रामोफोनच्या रेकॉर्डसाठी भोंग्यासमोर गायल्या. जेमतेम तीन मिनिटांत अख्खी चीज बसवायची आणि शेवटी आपलं नाव सांगायचं. लोक त्यांच्या हिमतीचं कौतुक करतात. मी म्हणतो, शेजारी काका नव्हते.

नव्वद मिनिटांची कॅसेट, म्हणजे एक बाजू 45 मिनिटं. द्रुत चांगली रंगली होती, तबलजीने तिहाई घेतली आणि यंत्राचं बटण उडालं. खटाक! बरोब्बर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर. काकांनी मांडीवर थाप मारली, "क्या बात है!" वडिलांच्या यंत्राला मिळालेली ही पहिली दाद. तेवढ्यात तो पोरगा आला.

आता मला सांगा, माझ्या मागे वीसेक मोबाइल वर धरलेले होते. एकाचा दिवा थेट तबलजीच्या डोळ्यांत. एकाची रिंगटोन विलंबितात वाजली, तीही दोनदा. त्यांना कोणी हूं की चूं केलं नाही. मोबाइलवाला रसिक आणि मी उपद्रव. त्यातले किती जण घरी जाऊन ते ऐकणार आहेत? माझ्याही मोबाइलमध्ये असल्या मैफली ढिगाने पडल्यात, एक उघडलेली नाही. कॅसेट मात्र उलटावी लागते, तिच्यावर नाव लिहावं लागतं, म्हणून ऐकली जाते. हे त्या पोराला सांगणार होतो. प्रत्यक्षात "सॉरी" म्हणालो आणि कॅसेट उलटून रुमाल यंत्रावर टाकला.

निघताना काका म्हणाले, "मला व्हॉट्सॲपवर टाका हं हे."

रात्री ऐकायला बसलो. सेल उतरत आले होते, त्यामुळे दुसऱ्या बाजूला फीत हळू फिरत गेली आणि आता घरच्या विजेवर ती पळत सुटली. भैरवी संपेपर्यंत गायिका चिमणीच्या पट्टीत पोचल्या. टाळ्या तर तव्यावर मोहरी तडतडावी तशा. मग जरा खरखर, आणि चौथीतल्या पोराच्या आवाजात कोणीतरी विचारलं,

"चालू आहे ना हो हे अजून?"