संहिता छापून आली म्हणजे कायदा झाला, असे नाही

बांधकामाच्या नियमांविषयी एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय थोडक्यात असा आहे: सरकारी अधिकारी आणि सिमेंट-पोलादाच्या कंपन्या बंद दाराआड नवी संहिता ठरवतात, ती प्रसिद्ध झाली की त्याच दिवसापासून सगळीकडे लागू होते आणि जुनी घरे बेकायदा ठरतात, शिवाय दर काही वर्षांनी नियम बदलावे लागतात, यावरूनच आधीचे नियम बिनबुडाचे होते हे उघड होते. यातला एकही मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही. एकात मात्र सत्याचा अंश आहे आणि तो वेगळा काढून दाखवणे मला गरजेचे वाटते, कारण लोकांचा रोष भलतीकडे वळला की ज्यांना खरोखर जाब विचारायला हवा, ते नामानिराळे राहतात.

आधी लागू होण्याचे पाहू. संहिता हा मुळात तज्ज्ञांनी तयार केलेला तांत्रिक दस्तऐवज असतो. ज्या शासनाला किंवा स्थानिक प्राधिकरणाला बांधकाम परवानगीचा अधिकार आहे, त्याने ती आपल्या नियमांत सामावून घेतली तरच तिला कायद्याचे बळ येते. भारतात राष्ट्रीय इमारत संहिता 1970 मध्ये आली आणि 1983, 2005 व 2016 मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. परंतु देशाची मानके ठरवणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोने ती प्रसिद्ध केल्यामुळे कोणत्याही शहरातला परवाना आपोआप बदलत नाही. त्यासाठी राज्य सरकारांनी आणि स्थानिक संस्थांनी आपापल्या विकास नियंत्रण नियमावलीत किंवा उपविधींत तशी तरतूद करावी लागते. अमेरिकेत तर इंटरनॅशनल कोड कौन्सिल ही ना-नफा तत्त्वावरची खासगी संस्था दर तीन वर्षांनी नमुना संहिता काढते आणि राज्ये वा शहरे ती आपल्या दुरुस्त्यांसह स्वीकारतात, कधी मधली एखादी आवृत्ती सोडूनही देतात. ऑगस्ट 1992 मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडातली हजारो घरे जमीनदोस्त केली. त्यानंतर संपूर्ण राज्यासाठी एकच संहिता लागू व्हायला 2002 उजाडले. जी गोष्ट एका रात्रीत होते असे हा मजकूर सांगतो, तिला तिथे जवळजवळ दहा वर्षे लागली.

बंद दाराचा आरोप अधिक गंभीर आहे. भारतीय मानकांच्या समित्यांवर अभियंते, संशोधन संस्था, शासकीय खाती आणि उत्पादक अशा सगळ्यांचे प्रतिनिधी असतात, आणि मसुदा अंतिम होण्यापूर्वी हरकती व सूचनांसाठी जाहीर केला जातो. अमेरिकेतल्या त्या नमुना संहितांसाठी बदलाचा प्रस्ताव कोणीही मांडू शकतो, आणि त्यांतल्या बहुतेकांवर शेवटचे मत देण्याचा अधिकार फक्त शासकीय प्रतिनिधींना असतो. दार उघडे असते. आत जाणारे कमी असतात. सत्याचा अंश आहे तो इथे. उत्पादकांचा दबाव ही कल्पित गोष्ट नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला लागलेल्या आगीच्या चौकशीच्या 2024 च्या अंतिम अहवालाने, बाहेरील आच्छादन आणि उष्णतारोधक थर बनवणाऱ्या कंपन्यांनी चाचण्यांबाबत पद्धतशीर अप्रामाणिकपणा केला, असा स्पष्ट निष्कर्ष काढला आहे. मात्र त्यातून निघतो तो मसुदे बारकाईने वाचण्याचा आणि हरकती नोंदवण्याचा आग्रह. नियमच नकोत, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

आता सर्वांत जास्त पसरलेला मुद्दा: नियम बदलतात, म्हणजे ते निराधार होते किंवा जास्त माल खपवायचा होता. यासाठी काँक्रीट ओतण्यापूर्वीचा एखादा कॉलम जवळून पाहावा. उभ्या सळयांभोवती ठरावीक अंतराने रिंगा बांधलेल्या असतात. रिंगेची टोके काटकोनात वाकवलेली असतील, तर भूकंपात बाहेरचे कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, गळून पडताच ती उघडतात, रिंग सैल होते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतले काँक्रीट चुरा होऊन निसटते. तीच टोके 135 अंशांत वाकवून कॉलमच्या गाभ्यात शिरवली, तर कव्हर गेल्यावरही रिंग आपली पकड सोडत नाही. 1993 मध्ये आलेले, भूकंपात टिकेल अशा काँक्रीट बांधकामासाठीचे भारतीय मानक 13920 हीच अट घालते. यात दर रिंगेमागे जास्तीची सळई लागते ती काही सेंटिमीटर, आणि फिटरचा थोडा जास्त वेळ. एवढ्या सळईवर कोणाचा धंदा चालेल, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगावे.

त्याच वर्षी, 30 सप्टेंबर 1993 रोजी, किल्लारीचा भूकंप झाला. त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. 2002 च्या सुधारणेत ते पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. जुना नकाशा करणाऱ्यांनी कोणाला फसवले नव्हते. तोवर झालेल्या भूकंपांच्या नोंदी जेवढे सांगत होत्या, तेवढेच त्यांनी दाखवले होते. नवा पुरावा समोर आल्यावरही नकाशा तसाच ठेवला असता, तर ती मात्र फसवणूक ठरली असती.

जुनी घरे बेकायदा होतात, ही भीती सहसा निराधार असते. नवी आवृत्ती साधारणपणे नव्या परवानग्यांना लागू होते; जुन्या इमारतीचा प्रश्न मोठा फेरबदल, वापरातला बदल किंवा धोकादायक अवस्था यांमुळे उभा राहतो. जपानने जून 1981 मध्ये भूकंपरोधक निकष कडक केले, पण आधीच्या नियमांनुसार बांधलेल्या इमारती कायदेशीरच राहिल्या. 1995 मध्ये तिथले कोबे शहर भूकंपाने हादरले तेव्हा 1981 नंतरच्या इमारतींचे नुकसान खूपच कमी झाले, आणि त्याच वर्षी जुन्या इमारतींच्या मजबुतीकरणाला चालना देणारा कायदा झाला. लॉस एंजलिससारख्या शहराने 2015 मध्ये काही प्रकारच्या जुन्या इमारतींना मजबुतीकरण सक्तीचे केले, तेही प्रकारानुसार 7 ते 25 वर्षांची मुदत देऊन.

नियम बदलल्याने काय होते याची एवढी चर्चा होते, तर न बदलल्याने काय होते तेही पाहिले पाहिजे. 3 जुलै 2009 रोजी लंडनमधल्या लाकानल हाऊस या निवासी इमारतीला आग लागून 6 जणांचा मृत्यू झाला. मार्च 2013 मध्ये मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने सरकारला लेखी कळवले की अग्निसुरक्षेच्या मार्गदर्शिकेचा फेरविचार करावा. तो फेरविचार पूर्ण झाला नाही. 14 जून 2017 रोजी ग्रेनफेल टॉवर पेटला आणि 72 जणांचा जीव गेला. इंग्लंडमध्ये 18 मीटरपेक्षा उंच नव्या निवासी इमारतींच्या बाहेरील भिंतींत ज्वलनशील साहित्य वापरण्यावर बंदी लागू झाली ती डिसेंबर 2018 मध्ये.