एकट्याचा हालेलुया

चर्चमध्ये बेसूर गायल्याने कुणाची अब्रू जात नाही. शे-दोनशे माणसं एकदम गातात तेव्हा एखाद्याचा स्वर खाली-वर झाला तर तो मंडळीच्या आवाजात मुरून जातो. क्वायरच्या, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाच्या, मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांची सगळी कारकीर्द या मुरण्यावर सुखात चाललेली असते. अब्रू जाते ती बाकीचे गप्प असताना आपण अगदी सुरात गायल्याने. छत उंच, भिंती कोऱ्या, गाद्या-पडदे नाहीत. एकट्याचा आवाज सेकंद-दीड सेकंद घुमतो. पहिल्या बाकावरच्या आजींना मान वळवून माणूस ओळखायला तेवढा वेळ पुरतो.

आम्हा बडोद्याच्या क्वायरवाल्यांची खरी परीक्षा डिसेंबरात. ऑस्ट्रियातल्या ओबरनडॉर्फ गावी १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री पहिल्यांदा गायलेलं ‘सायलेंट नाइट’ कुठल्याही भाषेत सोपं वाटतं. संथ चाल, छोट्या ओळी, सगळ्यांना पाठ. घात तिथेच आहे. हे गाणं सा वर सुरू होत नाही, पंचमावर होतं: प ध प ग. पुढे ते तार मध्यमापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या म पर्यंत, चढतं आणि शेवटी मधल्या सा वर उतरतं. सा पासून तार म पर्यंत अकरा स्वरांचा पल्ला झाला. पेटीवाला बिचारा पांढरी एक (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी; काळ्याही अशाच मोजतात) दाबून ‘हा घ्या सा’ असं सुचवतो. अर्ध्या मंडळीला वाटतं, हाच पहिला स्वर. झालं! पांढरी एक प बनते आणि सा घसरून पांढरी चारवर जातो. वरच्या सप्तकात सुरू केलेल्या बायका पाचव्या ओळीला तार सप्तकातल्या काळी पाचकडे बघतात आणि तिथेच राहतात. ज्यांनी खालचं सप्तक धरलं, त्यांचा शेवटचा सा इतका खाली पोचतो की ओठ हलताना दिसतात, आवाज येत नाही. चूक पहिल्या स्वराला होते, बोभाटा पाचव्या ओळीला, आणि बोल बसतात पेटीवाल्याला.

उपाय साधा आहे. नुसता सा देऊ नये, पहिली ओळ वाजवून द्यावी. आणि सा काळी पाचचा ठेवावा, मधल्या नव्हे, खालच्या सप्तकातल्या काळी पाचचा. नोटेशनच्या पुस्तकांत हे गाणं बहुधा तिथेच असतं, कारण मग वरचा मध्यम काळी दोनवर येतो आणि तिथपर्यंत बहुतेक बायकांचा गळा जातो. कीबोर्ड असेल तर आधी ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळे सूर वर-खाली सरकवणारं, बटण बघावं. आदल्या दिवशी कुणीतरी ते दोनने चढवून ठेवलेलं असतं. बोटं पांढरी एकवर, आवाज पांढरी दोनचा, शेजारी पेटी खऱ्या पांढरी एकवर. असलं मिश्रण ऐकून पाळकसाहेब डोळे मिटतात. मंडळीला वाटतं, प्रार्थनेत आहेत.

‘होली होली होली’ त्यामानाने सज्जन गाणं. सा सा, ग ग, प प अशी जिन्याने चढणारी सुरुवात, कुणी चुकत नाही. त्यावर बडोद्याचा थोडा हक्कही आहे. शब्द लिहिणारे बिशप हेबर १८२५ साली बडोद्यात आले होते आणि छावणीतल्या चर्चचं अर्पण त्यांच्याच हातून झालं. पुढच्याच वर्षी ते त्रिचनापल्लीला वारले. आज आपण जी चाल गातो ती डाइक्स यांनी बांधली १८६१ मध्ये, त्यामुळे त्या चालीवर आम्ही काय करतो हे ऐकायला हेबर नव्हते. या गाण्याला चार कडवी आणि पहिल्या व चौथ्या कडव्याची पहिली ओळ मूळ इंग्रजीत अक्षरशः एकच. डोळा चौथ्यावरून अलगद पहिल्यावर घसरतो. दुसऱ्या ओळीला सगळे सृष्टीच्या स्तुतीकडे वळलेले असतात आणि एकटा माणूस भर दुपारी बारा वाजता पहिल्या कडव्यातलं पहाटेचं गात असतो.

कडवी गाळणं हा वेगळा गुन्हा. ‘पहिलं, दुसरं आणि शेवटचं’ असं पाळकसाहेब सांगतात तेव्हा निम्मी मंडळी चष्मा शोधत असते. दुसरं संपलं की ज्यांना काय करायचं ते माहीत असतं, ते पेटीकडे कान देऊन थांबतात. ज्यांना माहीत नसतं, ते दणक्यात तिसरं सुरू करतात. त्यामुळे अशा जागी सगळ्यात ठाम आवाज नेहमी चुकीचा असतो. नाताळच्या एकत्र उपासनेत एक कडवं गुजराती, एक मराठी, एक हिंदी असं वाटून दिलेलं असतं. मराठी कडव्याला चौथ्या बाकावरची तीन कुटुंबं सोडून सगळं चर्च आदराने गप्प बसतं. इतका आदर कुठल्याही गळ्याला झेपत नाही.

ठेक्याची गोष्ट खास इथली. सहा मात्रांचं गाणं ढोलकवाल्याच्या हाती दिलं की तो प्रामाणिकपणे दादरा धरतो. पण नवरात्र होऊन दोन-अडीच महिनेच झालेले असतात. तिसऱ्या कडव्याला लय चढते, थाप सरकते आणि दादऱ्याचा हींच होतो. हींच म्हणजे गरब्याचा ठेका. गव्हाणीतल्या बाळाला निजवायला निघालेली मंडळी बाकाखाली पाय हलवू लागते आणि नेमक्या जागी टाळी वाजते. एकच. ढोलकवाल्याला खुणेने थांबवू नये. तो खूण म्हणजे दाद समजतो आणि आणखी चढतो. पेटीने दोन ओळी लांबवून लय खाली ओढावी.

शब्दाचा शेवट हाही धोक्याचा प्रदेश. ‘ख्रिस्त’ शब्दाने ओळ संपली की प्रत्येकाचा त वेगळ्या वेळी पडतो आणि फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड ऐकू येते. तालमीत ठरवून टाकावं: स्वर तीन मात्रा धरायचा, ‘स्त’ चौथीवर, तोही हाताची खूण बघून. पुस्तकात नाक खुपसून गाणाऱ्याचा त पाचवीवर येतो.

आमेन तर इतकं सोपं की चुकायला कर्तबगारी लागते. वरच्या आवाजाला सा आणि पुन्हा तोच सा. आल्टोला (बायकांचा खालचा आवाज) ध-प, टेनरला (पुरुषांचा वरचा) म-ग, बासला (पुरुषांचा खालचा) म वरून खाली सा. प्रश्न फक्त एवढाच की ते गायचं आहे का. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगवळणाच्या गीतांना ते लागत नाही, ठेका संपला की गाणं संपतं. पाश्चात्त्य चालींपैकी काहींना छापलेलं असतं, काहींना नसतं. आधी विचारलं नाही तर एक टेनर मध्यमावर ‘आ’ करून उभा राहतो आणि बाकीचे बसतात.

पण खरा बेइज्जतीचा काळ लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत कॅथलिक आणि बऱ्याच अँग्लिकन वळणाच्या चर्चांत हालेलुया हा देवाच्या स्तुतीचा, आनंदाचा शब्द म्हणतच नाहीत. नेमकी निम्म्या आवडत्या गीतांची ध्रुपदं त्यावर संपणारी. क्वायरमास्तर ती गीतं यादीतून काढतो, पण एखाद्याच्या शेवटच्या कडव्यात एक हालेलुया दडून राहतो. मग तालमीत पेन्सिलीने खोडून त्या जागी ‘गप्प’ लिहायचं ठरतं. सगळे लिहितात, जो तालमीला आला नव्हता, तो भर उपवासात अख्ख्या चर्चला ईस्टर जाहीर करतो.

असा एकट्याचा आवाज निघालाच तर मध्येच तोडू नये, तोडलेला स्वर जास्त ऐकू येतो. तोंड तसंच उघडं ठेवून हवा कमी करत न्यावी, नजर पुस्तकात ठेवावी, जमल्यास पान उलटावं. खोकू नये; खोकला कुणाचा ते पाठमोऱ्या आजींनाही कळतं. शेजाऱ्याकडे रागाने बघण्याची जुनी पद्धत आहे, पण क्वायरमध्ये ती चालत नाही. तोपर्यंत शेजारी आपल्याकडे बघत असतो.