हॅम्बुर्गचा ५० युरोंचा दंड आणि बाकीची पुराणं

साताऱ्याहून भाच्याचा मेसेज आला: "मामा, खरंच ५० युरो दंड घेतात का? आईने पाठवलंय." खाली ती पोस्ट.

भाचा इलेक्ट्रिशियन आहे आणि सध्या जर्मन शिकतोय. ए-टू झालं, बी-वनचा क्लास चालू आहे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून आयटीआय झालेल्या पोरांच्या तोंडी 'डेर, डी, दास' बसायला लागलंय. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मी सहा वर्षं काढली, त्यामुळे जर्मनीच्या बाबतीत घरात माझा शब्द चालतो. निदान ताईच्या व्हॉट्सअ‍ॅपची टुणटुण होईपर्यंत तरी.

पोस्ट जुनीच आहे, तरी थोडक्यात सांगतो. काही भारतीय हॅम्बुर्गला हॉटेलात जेवायला जातात, भरपूर मागवतात आणि बरंचसं ताटात टाकून उठतात. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या बायका रागावतात. आपले लोक म्हणतात, पैसे आम्ही दिलेत, तुम्हाला काय करायचंय? एक आजी फोन लावते, 'सोशल सिक्युरिटी'चा गणवेशातला अधिकारी येतो, ५० युरोंची पावती फाडतो आणि सुनावतो, पैसा तुमचा असेल, पण संसाधनं समाजाची आहेत. ताईकडे आलेल्या आवृत्तीला शेपूटही जोडलं होतं: तिकडे गाड्या सेकंदावर धावतात, नियम लोक मनापासून पाळतात, रस्त्यावर बाटली दिसत नाही, कारण शिस्त त्यांच्या रक्तात आहे. आणि शेवटी, बहुधा आपलं मन राखायला, "पण आईबापांना मात्र ते वृद्धाश्रमात टाकतात, तिथे आपली संस्कृती जिंकते."

भाच्याला फोनवर अर्धं सांगितलं. उरलेलं इथे लिहितो, कारण हीच पोस्ट आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वर्षातून दोनदा येते.

आधी दंडाचं बघू. ताटात अन्न टाकलं म्हणून गिऱ्हाइकाला दंड करणारा कायदा जर्मनीत नाही. जर्मनीत सामाजिक सुरक्षा म्हणजे विमा: आजारपणाचा, पेन्शनचा, बेकारीचा, अपघाताचा, शुश्रूषेचा. अपघाताचा हप्ता मालक भरतो, बाकीचा पगारातून दर महिन्याला कापला जातो. त्या खात्यातला माणूस गणवेश घालून हॉटेलात येत नाही. त्याच्याकडून साधं पत्राचं उत्तर यायलाही आठवडे लागतात. दंडाच्या पावत्या फाडणारं खातं आहे, त्याचं नाव ओर्डनुंग्सआम्ट, पण ते चुकीचं पार्किंग आणि रस्त्यावर टाकलेला कचरा बघतं, ताट नाही. पोस्टची एक जुनी आवृत्ती मी पाहिली आहे, तिच्यात दंड ५० मार्क होता. मार्क २००२ साली व्यवहारातून गेला. म्हणजे गोष्टीने काळाबरोबर चलनही बदलून घेतलं.

थोडं तथ्य असेल तर इतकंच, की 'हवं तितकं खा' पद्धतीच्या काही हॉटेलांत उरलेल्या तुकड्यामागे युरोभर जास्त लावतात. तो मालकाचा नियम. आपल्याकडे थाळीच्या हॉटेलात 'ताटात टाकल्यास जादा आकार पडेल' अशी पाटी असते, तसलाच. पाटी लावून गिऱ्हाइकाला दम देण्यासाठी पुणेकराला हॅम्बुर्गला जावं लागत नाही.

आता प्रत्यक्षात किती टाकतात? जर्मनीत वर्षाला जवळजवळ १ कोटी ८ लाख टन अन्न वाया जातं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त लोकांच्या घरांतून. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२१ च्या अहवालात घरगुती नासाडीचा अंदाज जर्मनीसाठी माणशी वर्षाला ७५ किलो होता आणि भारतासाठी ५०. आपला आकडा ढोबळ आहे हे मान्य, आणि लग्नाच्या बुफेत आपण काय करतो ते मी बघितलंय. पण आपल्यापेक्षा दीडपट टाकणाऱ्यांना गुरू करायचं असेल तर निदान डोळे उघडे ठेवून करू.

खरी गंमत पुढेच आहे. म्युनिकजवळ ओल्शिंग नावाचं गाव आहे. तिथे २०१८ साली दोन विद्यार्थिनींनी सुपरमार्केटच्या कचरापेटीतून फेकलेली फळं, भाज्या, दही काढून घेतलं. न्यायालयाने ती चोरी ठरवली, ताकीद दिली आणि गरिबांना अन्न वाटणाऱ्या संस्थेत ८ तास काम करायला लावलं. मुली घटनात्मक न्यायालयापर्यंत गेल्या, तिथेही २०२० मध्ये त्यांचं म्हणणं फेटाळलं गेलं. कचरापेटीतलं दहीसुद्धा मालकाचंच. 'संसाधनं समाजाची' हे वाक्य सुंदर आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. फक्त जर्मन कायदा नेमकं उलटं म्हणतो. त्या वाक्याच्या जवळ जाणारा कायदा शेजारी फ्रान्समध्ये झाला. तिथे २०१६ पासून मोठ्या सुपरमार्केटना खाण्याजोगं अन्न नष्ट करायला बंदी आहे, ते संस्थांना द्यावं लागतं. पण तो कायदा दुकानदाराला धरतो. जेवणाऱ्याच्या ताटात डोकावत नाही.

आणि अन्नाबद्दलची तळमळ आपल्याला आयात करावी लागते, हे तर मला पटतच नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारचं रात्रीचं जेवण सोडा म्हटलं आणि लोकांनी सोडलं. आमची आजी त्यानंतरही कित्येक वर्षं सोमवारी रात्री चूल पेटवत नसे. नंतर कुणी विचारलं तर महादेवाचा वार म्हणायची.

गाड्या सेकंदावर धावतात, हे वाचून मी मोठ्याने हसलो. डॉइचं बान या जर्मन रेल्वे कंपनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ साली ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या. त्यांच्या हिशेबात सहा मिनिटांच्या आतला उशीर म्हणजे 'वेळेवर', आणि रद्द झालेली गाडी मोजणीतच येत नाही. आमच्या श्टुटगार्टचं नवं स्टेशन २०१० पासून बांधतायत. ते २०१९ ला उघडायचं होतं. साडेचार अब्ज युरोंचा खर्च ११ अब्जांच्या पुढे गेला तरी काम रखडलेलंच. कोकणातल्या माणसाला ही गोष्ट सांगितली की तो शांतपणे मुंबई-गोवा महामार्गाकडे बोट दाखवतो.

नियम मनापासून पाळतात, यावर मात्र जरा थांबायला हवं, कारण पोस्टचा सगळा डोलारा याच वाक्यावर आहे.

पश्चिम जर्मनीत १ जानेवारी १९७६ पासून गाडीत पुढे बसणाऱ्याला पट्टा सक्तीचा झाला. पण न लावल्यास दंड ठेवला नव्हता. मग रक्तातली शिस्त उसळून आली का? नाही. लोक म्हणायचे, गाडीने पेट घेतला तर अडकून मरू. माझा जीव, माझी मर्जी. सरकार कोण सांगणारं? पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध जी कारणं मी आयुष्यभर ऐकत आलोय, तीच, फक्त मान आखडण्याची तक्रार तेवढी नाही. आठ वर्षं असंच चाललं. १ ऑगस्ट १९८४ पासून ४० मार्कांचा दंड सुरू झाला आणि बघता बघता दहातले नऊ जण पट्टा लावायला लागले. माणसं तीच, रक्त तेच.

१९७० साली दोन्ही जर्मनींत मिळून रस्त्यावर २१ हजारांहून जास्त माणसं मेली होती. २०२४ मध्ये हा आकडा २८०० च्या आत होता. या चोपन्न वर्षांत वेगमर्यादा आल्या, दारू पिऊन चालवण्यावर मर्यादा आली, रस्ते आणि गाड्या सुधारल्या. आपल्याकडेही हे थोडंफार घडलंय. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ जण गेले. नंतर कठड्यांच्या फटी बुजवल्या, धोक्याच्या जागा शोधून दुरुस्त केल्या, गस्त वाढवली. आकडा शंभराच्या खाली आला. २०२४ मध्ये कॅमेरे बसले. आता लोणावळ्याच्या घाटात एरवी कुणाच्या बापाला न ऐकणारे ड्रायव्हर कॅमेऱ्याच्या कमानीखाली कसे गोगलगाय होतात, ते बघून घ्या.

स्वच्छतेचंही तसंच. श्टुटगार्टमध्ये एक प्रकार आहे, 'केरवोखं'. शब्दातला 'केर' आपलाच वाटतो ना? अर्थही तोच: केर काढायचा आठवडा. इमारतीचा जिना झाडायची पाळी ज्याची, त्याच्या दारावर पाटी अडकवतात. माझ्या दारावर पाटी असताना मी एकदा जिना झाडला आणि तळघराकडची पायरी विसरलो. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला हाताला धरून ती पायरी दाखवली. पण ही सवय आकाशातून पडलेली नाही. दर आठवड्याला आपापली घाण शहराबाहेर न्या, असा हुकूम श्टुटगार्टच्या १४९२ च्या नगरकायद्यात आहे. पुढे शतकानुशतकं नवे हुकूम निघत राहिले, आणि पाळीची सक्ती शहराने काढली ती थेट १९८८ मध्ये. आता ती घराच्या भाडेकरारात असते. पाचशे वर्षं मागे लागावं लागलं.

बाटल्यांचं कोडं तर सगळ्यात सोपं. प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत घेतात, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की परत मिळते. रस्त्यावर बाटली दिसत नाही, कारण ती बाटली नाही, पंचवीस-तीस रुपये पडलेत. पेन्शन न पुरणारे म्हातारे टॉर्च घेऊन स्टेशनवरच्या कचरापेट्या शोधताना मी रोज पाहायचो. कुणी समजूतदार असेल तर बाटली पेटीत न टाकता बाहेर कडेला ठेवतो, म्हणजे त्या म्हाताऱ्याला हात घालावा लागत नाही. हा भाग पोस्टमध्ये कधीच येत नाही.

हे आपल्याला नवीन आहे का? मुंबईत आरेच्या काचेच्या बाटल्या केंद्रावर परत देऊनच दूध मिळायचं. सोड्याची बाटली दुकानदार हातातून सोडत नसे. तेव्हा रस्त्यावर बाटल्या पडत नव्हत्या, आणि आपलं रक्त आजच्यासारखंच होतं. २०१८ च्या महाराष्ट्राच्या प्लॅस्टिकबंदीत पाण्याच्या बाटलीमागे १-२ रुपये अनामत ठेवायची तरतूद होती. तुम्हाला कधी ते पैसे परत मिळाले? मलाही नाही. गोव्याने २०२४ मध्ये अनामत-परतीची योजना अधिसूचित केली आहे. ती कशी चालते त्यावर माझं लक्ष आहे.

एका गोष्टीत पोस्टला झुकतं माप देतो, ते म्हणजे श्रमाची किंमत. तिथे नळदुरुस्तीवाल्याला कुणी 'अरे ए' म्हणत नाही, आणि कारखान्याच्या कँटीनमध्ये फोरमन आणि झाडूवाला एकाच रांगेत उभे असतात. भाच्याने जावं असं मला वाटतं ते याच्यासाठी. पण त्यालाही किनार आहे. एप्रिल-मेमध्ये सगळा देश ज्या पांढऱ्या श्पार्गेलवर, म्हणजे अ‍ॅस्परॅगसवर, तुटून पडतो, ती भाजी वाकून वाकून काढणारे हात बहुतेक रुमानियाचे. २०२० च्या एप्रिलमध्ये सीमा बंद असताना या मजुरांना खास विमानांनी आणलं होतं. जर्मन माणूस त्या शेतात फारसा उतरत नाही.

राहिलं शेवटचं वाक्य, आईबापांचं. २०२३ अखेर जर्मनीत शुश्रूषेची गरज असलेले सुमारे ५७ लाख लोक होते. त्यातले ८६ टक्के घरीच होते, वृद्धाश्रमात नव्हे. आणि ३० लाखांहून जास्त जणांचं मुख्यतः घरचीच माणसं करत होती. म्हणजे 'टाकतात' हे साफ खोटं. उलट आपल्याकडे आईवडिलांना सांभाळा म्हणून २००७ साली कायदा करावा लागला, आणि पोटगीसाठी म्हातारी माणसं प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या चढतात.

फरक आहे, पण तो वेगळाच. तिथे १९९५ पासून शुश्रूषा विमा आहे. घरीच काळजी घेतली जात असेल तर गरजेप्रमाणे महिन्याला साधारण ३५० ते ९९० युरो मिळतात, आणि सांभाळणाऱ्या लेकी-सुनेच्या पेन्शन खात्यातही भर पडते. ताईच्या सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. ताई पहाटे पाचला उठते, त्यांचं सगळं करते, रात्री दोनदा कूस बदलून देते. शिवणाचा क्लास तिने त्यासाठीच बंद केला. तिच्या या कामाची नोंद कुठल्याही सरकारी कागदावर नाही, आणि 'आपली संस्कृती जिंकते' ही पोस्ट तिनेच पाठवली आहे. तिला हे कसं सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. भाच्याला सांगितलं, तर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, मी गेल्यावर रात्री आजीला उचलायला दुसरं कोण येणार?"

त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी देऊ शकलो. नाही रे बाबा, ताटात टाकलं तर ५० युरो कोणी घेत नाही. पण रविवारी भिंतीला ड्रिल लावू नकोस, ट्रामच्या तिकिटावर शिक्का लागत असेल तर तो मारायला विसरू नकोस, आणि घर मिळालं की आधी पालिकेत जाऊन पत्ता नोंदव. दंड या तिन्हींना आहे.