चाल आधी की शब्द?

चर्चमधल्या गाण्यांवरच्या एका लेखात म्हटलंय, नव्या आराधनागीतांत एकच ओळ दहादा घोळवतात म्हणून ती उथळ. निम्मं पटलं. घोळवणं आपल्याला नवं नाही हो, भजनातही ध्रुपद परत येतंच. पण मधे एक कडवं होतं, काहीतरी नवं कळतं. भायखळ्याच्या आमच्या चर्चमंडळीत गेल्या रविवारी शेवटची ओळ इतकी लांबली की आजी पुस्तक मिटून खाली बसली.

माझी खरी तक्रार भाषांतराची. इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबले की 'कृपा'तला ऱ्हस्व 'कृ' ताणून 'क्रूऽऽपा' होतो. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, तेही ओवीत! १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी अभंग लिहिले. परक्या स्टीफन्सला जमलं, आपल्याला का जमू नये?

पोरांना मात्र नावं ठेवणार नाही. पडद्यावर मराठी शब्द रोमन लिपीत लागतात त्यांना, पण गातात जीव ओतून. आमचा गिटारवाला परवा विचारत होता, भुजंगप्रयात म्हणजे काय? मग पाळकांच्या खोलीबाहेर उभं राहून त्याला त्याच वृत्तातले मनाचे श्लोक म्हणून दाखवले.