रॉबिन व्हेंचुरा : ‘उतरती कळा’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

अमेरिकेचा माजी बेसबॉलपटू रॉबिन व्हेंचुरा आपल्या जुन्या कॉलेजच्या संघात शिकवायला परतला, त्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ॲल्युमिनियमच्या बॅटने केलेल्या कॉलेजातल्या विक्रमाचं मी नको तितकं कौतुक केलं. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीगमध्ये, मॅनेजर म्हणून व्हेंचुरा आपटला, ते मी एका ओळीत उरकलं. आणि ‘मेजर लीगचा माजी मॅनेजर कॉलेजात विद्यार्थी-सहायक होतो ही उतरती कळा, तिला तुम्ही माहेरपण म्हणता!’

बॅटचं मान्य. जो डिमॅजिओने १९४१ मध्ये सलग ५६ सामन्यांत हिट मारली (म्हणजे समोरच्यांची चूक न होता स्वतःच्या फटक्यावर बेस गाठला) ती लाकडी बॅटने, मेजर लीगच्या पिचरांसमोर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांसमोर. व्हेंचुराची १९८७ ची ५८ सामन्यांची मालिका ओक्लाहोमा स्टेटकडून, कॉलेजच्या पोरांसमोर, धातूच्या बॅटने. दोन आकडे शेजारी मांडून मी वाचकाला फसवलं, इतकंच म्हणायचं बाकी ठेवलंत तुम्ही. तरी ती मालिका तुटली कशी ते ऐका. ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सीरिज (कॉलेज संघांची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा), समोर स्टॅनफर्डचा पिचर जॅक मॅकडॉवेल. शेवटच्या खेपेला व्हेंचुरा बेसवर पोचला, पण सेकंड बेसवरच्या क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे. खात्यावर ‘एरर’ लागली, हिट नाही. हाच मॅकडॉवेल पुढे मेजर लीगच्या शिकागो व्हाइट सॉक्स संघात त्याचा सहकारी झाला.

लेखात खरं तर वेगळीच गोष्ट यायला हवी होती आणि ती मी गाळली. १९९० हे व्हेंचुराचं मेजर लीगमधलं पहिलं पूर्ण वर्ष. त्या वसंतात त्याला ओळीने ४१ ॲट-बॅटमध्ये (बॅटिंगच्या खेपांमध्ये) एकही हिट मिळाली नाही. एक्केचाळीस! कॉलेजात सलग ५८ सामने जो रिकाम्या हाताने परतला नव्हता, त्याच्यावर ही वेळ. संघाने त्याला बसवलं नाही आणि तोही मोडला नाही. पुढे थर्ड बेसवरच्या क्षेत्ररक्षणासाठी सहा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवले. एकोणीस वर्षांच्या पोराची बॅट रुसली की त्याच्याशी काय बोलायचं, हे ५८ वाल्यापेक्षा ४१ वाल्याला जास्त कळत असणार. हा माझा अंदाज आहे, पण फार पोकळ नसावा.

आता मॅनेजरकीचं. ताकाला जाऊन भांडं लपवत नाही : २०१२ ते २०१६ या पाच हंगामांत व्हाइट सॉक्सने त्याच्या हाताखाली ३७५ सामने जिंकले आणि ४३५ हरले. पहिल्या वर्षी ८५ विजय, दुसऱ्या वर्षी थेट ९९ पराभव. त्याआधी त्याने कुठलाच संघ मॅनेजर म्हणून सांभाळला नव्हता, हेही खरं. पण यात एक घोळ आहे आणि तो आधी माझ्याच लेखाच्या शीर्षकाने केला. मी ‘कोच’ म्हटलं, तुम्ही त्यात मॅनेजर वाचलात. मेजर लीगचा मॅनेजर १६२ सामने पिचर कधी बदलायचा, कुणाला बसवायचं, पत्रकारांना काय सांगायचं यात गुंतलेला असतो. बॅट कशी धरायची ते शिकवायला तिथे वेगळा हिटिंग कोच असतो. कॉलेजात मॅनेजर हे पदच नाही. हेड कोच असतो आणि त्याच्या हाताखाली शिकवणारी मोजकी माणसं. एका कामातल्या नापासाचा शिक्का दुसऱ्यावर मारता येत नाही.

‘उतरती कळा’ मात्र मला मुळीच मान्य नाही. १९८८ मध्ये तिसरं वर्ष संपताच व्हाइट सॉक्सने त्याला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) दहाव्या क्रमांकावर उचललं आणि पदवी राहिली. मॅनेजरकी संपल्यावर ती पुरी करायला तो स्टिलवॉटरला, ओक्लाहोमा स्टेटच्या गावी, परतला. तो परतला तेव्हा कॉलेजच्या संघाला हेड कोच, दोन पगारी सहायक आणि एक स्वयंसेवक एवढीच मुभा होती. पदवीचा पूर्णवेळ विद्यार्थी असाल तर विद्यार्थी-सहायक म्हणून या मोजणीबाहेर राहून मैदानात उतरता यायचं. म्हणजे ज्याला तुम्ही हलकं पद म्हणता ते त्याला वर्गात बसल्यामुळे मिळालेलं दार होतं. पन्नाशीच्या माणसाने विशीच्या पोरांसोबत वर्गात बसायचं आणि मग त्यांच्यातल्याच काहींना बॅटिंग शिकवायची! हेड कोच कोण? जॉश हॉलिडे. व्हेंचुरा खेळत होता तेव्हा जॉशचे वडील टॉम हॉलिडे त्याच संघाचे सहायक कोच होते आणि जॉश शाळकरी पोरगा. त्या पोराच्या हाताखाली काम करायला व्हेंचुराला कमीपणा वाटला नाही. आपण दोघे कशाला त्याच्या वतीने वाटून घ्यायचा?

५६ विरुद्ध ५८ चं वाक्य लेखातून आजच काढलं आहे, ४१ चा परिच्छेद घातला आहे आणि मॅनेजरकीचे पाचही हंगाम आकड्यांसकट दिले आहेत. ‘माहेरपण’ मात्र ठेवतो.