फॉरमॅट मार म्हणे!

कॉम्प्युटर चालता चालता अचानक बंद पडतोय, असं कुणालाही सांगून बघा. अर्ध्या सेकंदात उत्तर हजर: "फॉरमॅट मार." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाक. अरे, निळा पडदा येतो की थेट अंधार, गेम खेळताना पडतो की नुसता रिकामा बसलेला असताना, एक तरी प्रश्न विचार! नाही. फॉरमॅट मार. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची कामचलाऊ मेमरी, खराब असेल तर नवी विंडोजसुद्धा त्याच रॅममधून डिस्कवर उतरणार, म्हणजे फायली पहिल्याच दिवशी सडक्या निघू शकतात. वर डेटा हलवण्यात गेलेला अख्खा रविवार वेगळा.

मशीन स्वतः तरी काय सांगतं? इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, लाल खुणेसमोर लिहिलेलं असतं: कर्नल-पॉवर ४१. सगळे हा आकडा शोधत सुटतात. त्याचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद झाला नव्हता. अहो, ते माहीत आहे, समोरच तर बसलो होतो! कामाची गोष्ट 'डिटेल्स' टॅबखाली दडवलेली: बगचेककोड, म्हणजे विंडोज कशामुळे कोसळली त्याचा क्रमांक. तोही तिथे दशमानात, आणि मदतीच्या पानांवर मात्र सगळे कोड हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या आकड्यांत. २९२ दिसला की कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडवर न्यायचा, त्याचे १२४ करायचे, तेव्हा कळणार की तक्रार हार्डवेअरची आहे. २७८ चे ११६, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) वेळेत शुद्धीवर आला नाही. हे गणित विंडोजला येत नाही होय? कोड शून्य असेल तर मरताना तिला काही लिहायलाही मिळालं नाही: वीज तुटली, किंवा मशीन गोठलं आणि तुम्हीच बटण दाबून धरलंत. मशीन आपसूक विझलं असेल तर ड्रायव्हर उकरू नका, आधी पॉवर सप्लाय बघा.

हाच कोड निळ्या पडद्यावर स्टॉप कोड म्हणून येतो. तो डोळ्यांनी वाचावा म्हटलं तर पडदा दोन सेकंदांत गायब, कारण 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' मुळातच चालू. अॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्जमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन ती टिक काढा, आणि तिथेच 'स्मॉल मेमरी डम्प' निवडा, म्हणजे कोसळतानाची मेमरीतली माहिती छोट्या फाइलमध्ये उतरते. (२०२५ मध्ये विंडोज ११ चा निळा पडदा काळा केला. झाली सुधारणा!) डम्प फाइल बनायला सी ड्राइव्हवर पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल) लागते. एसएसडी वाचवायची म्हणून कुणा शहाण्याच्या सांगण्यावरून ती बंद केली असेल, तर मिनीडम्प फोल्डर रिकामाच राहणार. असलेले डम्प सफाईवाली सॉफ्टवेअरं पुसतात, ते वेगळंच. विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या तपासणी साधनात डम्प उघडल्यावर एनटीओएसकर्नलचं, म्हणजे विंडोजच्या गाभ्याचं, नाव आलं म्हणून विंडोजच बिघडली असं समजू नका. प्रेत तिथे सापडलं, खून तिथेच झाला असं नाही.

रॅमचं तर विचारूच नका. विंडोजची स्वतःची मेमरी टेस्ट वीस मिनिटांत 'सब ठीक' म्हणते आणि लोक निर्धास्त होतात. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून मशीन सुरू करा, रात्रभर चारही पास (तपासणीच्या फेऱ्या) पूर्ण होऊ द्या. एक एरर आली तरी ती एरर. 'एकच तर आहे' हा युक्तिवाद चालत नाही. मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने पळवणारी सोय, बंद करून पुन्हा चालवा. रॅमच्या खोक्यावरचा ३६०० हा वेगाचा आकडा ओव्हरक्लॉकचा, म्हणजे मूळ वेगाच्या वर ताणलेला असतो, हे खोक्यावर कुणी मोठ्या अक्षरांत छापत नाही. तरीही एरर आली तर रॅमची एकेक कांडी लावून तपासा, एकाच स्लॉटमध्ये, आळीपाळीने. आणि टेस्ट पास झाली म्हणजे रॅम निर्दोष सुटली असंही नाही, हा अजून एक वैताग.

पॉवर सप्लाय त्याहून लबाड. मल्टिमीटर लावून १२ व्होल्ट दाखवतात लोक. ११.४ ते १२.६ चालतं, मान्य. पण ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंद जो झटका ओढतं तो मीटरला दिसतच नाही. कार्डाला दोन आठ-पिन सॉकेट असतील तर दोन वेगळ्या केबल लावा, एकाच केबलच्या दोन शेपट्या नकोत. खात्रीचा दुसरा सप्लाय लावून बघणे हीच खरी परीक्षा. तेव्हा केबलही त्याच्याच वापरा! मॉड्युलर, म्हणजे सप्लायपासून सुट्या होणाऱ्या, केबलची सप्लायकडची पिनरचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते. जुनी केबल तशीच ठेवली तर हार्डडिस्क जळू शकते.

आणि कृपा करून एका वेळी एकच गोष्ट बदला. ड्रायव्हर, बायोस, रॅम, सगळं एका संध्याकाळी बदलायचं, दोन दिवस पडला नाही की "झाला बरा!" म्हणायचं. कशाने झाला? सरासरी चार दिवसांनी पडणारं मशीन दोन दिवस गप्प राहिलं, तर त्याने काय सिद्ध होतं? निदान तिप्पट, म्हणजे बारा दिवस वाट बघा. त्या बारा दिवसांत तो अर्ध्या सेकंदवाला येऊन विचारेलच, "अजून फॉरमॅट नाही मारलास?"