‘लॅबचं तोंड न पाहिलेली बाई’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक डिचोलीकर’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरात राहणाऱ्या, अल्सर घडवणाऱ्या जंतूच्या झटपट चाचण्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “लॅबचं तोंड न पाहिलेल्या बाईंनी लोकांना घाबरवू नये. रक्ताची कार्डटेस्ट कुचकामी असती तर पाकिटावर ९५ टक्के अचूक असं छापलं असतं का? माझी पत्नी त्याच टेस्टवर औषध घेऊन बरी झाली. सत्तरीतल्या माणसाने दुर्बिणीच्या तपासणीला कुठे जायचं? आणि नोबेल १९९५ चं नव्हे, २००५ चं.”

शेवटचं आधी. हा जंतू शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना नोबेल २००५ सालीच मिळालं. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे. आभार.

आता ‘लॅबचं तोंड’. फोंड्याच्या एका लॅबमध्ये मी २२ वर्षं काढली. एण्डोस्कोपीच्या, म्हणजे त्याच दुर्बिणीच्या तपासणीच्या, खोलीतून जठराच्या अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा यायचा. तो युरियाच्या पिवळ्या जेलमध्ये दाबायचा आणि घड्याळाकडे बघत बसायचं. जंतू असला तर त्याचं युरीएज नावाचं विकर युरिया फोडतं, अमोनिया सुटतो आणि पिवळ्याचं गुलाबी होतं, कधी वीस मिनिटांत, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी. जेल पिवळंच राहिलं आणि जिम्सा या रंगद्रव्याने रंगवलेल्या काचेवर मात्र वळणदार जंतू दिसले, असंही मी पाहिलंय. चौकशी केली की कळायचं, रुग्ण महिनाभर पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी घेत होता; तिने जंतू दबतो आणि जेल फसतं. मी डॉक्टर नाही, तसा दावाही कधी केला नाही. पण लिहिणारी ‘बाई’ आहे म्हणजे तिने लॅब पाहिलीच नसणार, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? पुरुषाने हाच लेख लिहिला असता तर ही भाषा आली असती का? मला हे लागलं, म्हणून लिहिते आहे.

राहिले तुमचे ९५ टक्के. ते कशाशी ताडून काढलेले? माझ्या हाताखालून गेलेल्या एका किटच्या घडीच्या चिठ्ठीत तुलना दुसऱ्या अँटिबॉडी चाचणीशीच केली होती. दोन्ही रक्तातली अँटिबॉडीच, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रथिनच, शोधणार आणि दोघींचं एकमेकींशी जमणार. पोटात जिवंत जंतू आहे की नाही ते दोघींनाही ठाऊक नाही. जंतू मेल्यावरही अँटिबॉडी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहते. पॅन्टोप्राझोल चालू असतानाही कार्ड चालतं, हा त्याचा गुण मी नाकारत नाही. पण जंतू गेला का, हे त्याला विचारू नये.

हे पुस्तकातलं नाही. माझ्या धाकट्या भावाची जळजळ आम्ही आधी चवथीच्या जेवणावर ढकलली, मग कार्ड पॉझिटिव्ह आलं. चौदा दिवसांचा कोर्स त्याने तोंड कडू करून पुरा केला. दोन महिन्यांनी पुन्हा कार्ड, पुन्हा पॉझिटिव्हची रेघ, आणि पुन्हा चौदा दिवस अँटिबायोटिक. तेव्हा मी दुसऱ्या गावी होते, मला कोणी विचारलं नाही. नंतर आम्लाच्या गोळ्या थांबवून मलाची अँटिजेन चाचणी, म्हणजे खुद्द जंतूचा अंश शोधणारी, केली, ती निगेटिव्ह. तिसऱ्यांदा कार्ड केलं, रेघ तिथेच! दुसरा कोर्स त्याने कशासाठी सोसला, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

सत्तरीचं म्हणाल, तर दुर्बिणीचा आग्रह मी लेखात कुठेही धरलेला नाही. मलाच्या चाचणीचा परिच्छेद तिथेच आहे, तो वाचा.

तुमच्या पत्नीला बरं वाटतंय, याचा आनंद आहे. मात्र कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे आणि आम्लाच्या गोळ्या बंद करून दोन आठवडे झाल्यावर त्यांची मलाची किंवा श्वासाची चाचणी झाली का, ते कळवा. झाली नसेल तर डॉक्टरांशी बोलून करून घ्या. कार्ड नको.